पेशंट आयसीयूत असताना घरच्यांनी काय करावे?

पेशंट अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत गेला की गावाकडून जीप भरून माणसं येतात. प्रत्येकजण डॉक्टरांना वेगळं विचारतो आणि संध्याकाळपर्यंत चौघांकडे चार बातम्या असतात. म्हणून डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवावा. तो वयाने मोठाच पाहिजे असे नाही, धीराची सून किंवा मुलगीही चालते. डॉक्टर काय म्हणाले, कोणती तपासणी झाली, किती पैसे भरले, हे रोज तारीख टाकून वहीत लिहावे.

पैशाचं पहिल्याच दिवशी बघावं. गाय विकायला काढण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी आरोग्यमित्राला गाठावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र दवाखाना योजनेत पाहिजे आणि आजार यादीत पाहिजे. रेशनकार्ड, आधारकार्ड लगेच मागवून घ्यावे. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे. बिल भरून झाल्यावर योजना आठवली तर भरलेले पैसे हाती लागणे अवघड. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. दुसरीकडे हलवायचे असेल तर वाटेत पेशंटला धोका किती, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

'मशीन लावलं म्हणजे संपलं' असं पारावर बोललं जातं. ते खरं नाही. व्हेंटिलेटर श्वासाला आधार देतो आणि बरेच पेशंट त्यावरून उतरतात. नळी सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध देतात, त्यामुळे पेशंट ओ देत नाही. नळी ओढू नये म्हणून कधी हात मऊ पट्टीने बांधतात. ते बघून घाबरू नये. भेटीच्या वेळी हात धुऊन हात धरावा, नावानं हाक मारावी. अंगारा खिशात ठेवावा, नळ्यांजवळ नको.

थांबायच्या पाळ्या लावाव्यात. सोबत राहणाऱ्याची स्वतःची बीपी-शुगरची गोळी चुकते आणि दुसरा पेशंट तयार होतो. गावाकडच्या धारा, मोटारीची लाईट, लेकरांची शाळा हे भावकीत वाटून द्यावे. नुसतं भेटायला येणाऱ्यापेक्षा हे करणारा जास्त कामाचा.

आशा कमी आहे असे डॉक्टर म्हणाले, तर सरळ विचारावे: वाचण्याची शक्यता किती, आणि वाचले तर कसे राहतील? घरी न्यायचे ठरले तर वाटेतला ऑक्सिजन आणि दुखण्यावरची औषधे याचे उत्तर घेतल्याशिवाय सही करू नये. आणि बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, रुग्ण हक्कांच्या सनदेत तसे स्पष्ट आहे.