उष्णतेची साक्ष

खोट्या वजनानें सचोटीचा व्यापार चालत नाहीं, तसेंच खोट्या मापानें शास्त्रही चालत नाहीं. हौशी बिनतारी संदेशकांनीं घरीं बनविलेल्या प्रवाहमापकांचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

अमेरिकेंत १९१२ सालच्या कायद्यानें हौशी मंडळींस २०० मीटर व त्याखालील तरंगलांबी आणि एक किलोवॅट शक्ति अशी मर्यादा घालून दिली. त्यामुळें आहे त्या शक्तीपैकीं एरिअलमध्यें किती उतरते, हा प्रश्न जिव्हाळ्याचा झाला. डिसेंबर १९२१ मध्यें स्कॉटलंडांतील आर्ड्रोसन येथें पॉल गॉडली यांनीं अमेरिकन हौशी केंद्रांचे संदेश ऐकले, तेव्हां एवढ्या शक्तीचा पल्ला जगास दिसला.

परंतु हा प्रवाह मोजावयाचा कसा? तो सेकंदास लक्षावधि वेळां दिशा पालटतो. साध्या मापकाचा काटा दोहोंकडे सारखाच ओढला जाऊन जागींच राहतो. येथें उष्णता साहाय्यास आली. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हें जूल यांनीं १८४१ मध्यें दाखविलें होतें. वर्ग केला म्हणजे दिशेचा भेद उरत नाहीं. याच तत्त्वावर कार्ड्यू यांनीं १८८३ मध्यें तापणाऱ्या तारेचा मापक रचला. तार तापून लांबते व काटा फिरतो.

हौशी मंडळींनीं असे मापक घरीं केले. त्यांची परीक्षाही सोपी होती. बॅटरीचा ज्ञात प्रवाह सोडून काट्याच्या जागीं खूण करावयाची. तीच खूण बिनतारी प्रवाहासही लागू पडे. मात्र तार अगदीं बारीक हवी. कारण असा प्रवाह जाड तारेच्या केवळ पृष्ठभागावरून वाहतो, तिचा रोध वाढतो, आणि बॅटरीनें केलेली खूण खोटी ठरते.

आज हौशी मंडळी फेराइटच्या कड्यांतून एरिअलची तार ओवतात. कड्यावरील वेढ्यांत उत्पन्न होणारा प्रवाह डायोडमधून काट्यास पोहोंचतो. या यंत्रास बॅटरीची ओळखच नाहीं. म्हणून ५० ओहमच्या शुद्ध रोधांत ५० वॅट शक्ति सोडावी. तेथें एक अँपिअर वाहिलाच पाहिजे. साडेबारा वॅटला अर्धा अँपिअर. पण वॅटचा आंकडा तरी खरा कशावरून? म्हणून जाणता मनुष्य तापणाऱ्या तारेचा जुना मापक त्याच वाटेवर, अगदीं शेजारीं जोडतो. दूर जोडून उपयोग नाहीं, कारण लांब तारेवर ठिकठिकाणीं प्रवाह निराळा असतो. शिवाय अल्प प्रवाहास डायोड पुरती दाद देत नाहीं. म्हणून लहानमोठ्या अनेक प्रवाहांवर खुणा कराव्या, व कंपनसंख्या पालटून त्या पुन्हां ताडून पाहाव्या.

परीक्षेवांचून मांडलेले आंकडे मालकाची स्तुति करतात. परीक्षा झालेले आंकडे त्यास एरिअलचा दोष दाखवितात. ज्यास थोड्या शक्तींत दूर पोहोंचावयाचें आहे, त्यास दुसऱ्याच प्रकारच्या आंकड्यांचा उपयोग अधिक.