प्रणयमालिका, पूर्व आशियाई

दक्षिण कोरिया, जपान, तैवान आणि चीन या देशांत तयार होणाऱ्या, प्रेमकथा हाच कणा असलेल्या मर्यादित भागांच्या दूरचित्रवाणी मालिका. मराठी बोलण्यात त्यांना ‘के-ड्रामा’ किंवा सरसकट ‘कोरियन सिरियल’ म्हणतात, मग मालिका चिनी असली तरी. या मालिकांची भावनिक ओढ कशात आहे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या मनाला ती ओळखीची का वाटावी, याचा विचार या नोंदीत केला आहे.

ओढीचे श्रेय देखणे नट, भारी कपडे आणि सोलच्या झगमगाटाला देण्याची रीत आहे. ते वरवरचे आहे. प्रेक्षकाला, विशेषतः स्त्रीप्रेक्षकाला, या कथा धरून ठेवतात त्या एका गोष्टीवर : कुणाचे तरी आपल्याकडे नीट लक्ष आहे, आपण न बोललेलेही त्याला कळते आहे.

घडण : जपानच्या फुजी वाहिनीवरील ‘टोकियो लव्ह स्टोरी’ (१९९१) या अकरा भागांच्या मालिकेने शहरी, नोकरदार तरुणांच्या प्रेमकथेचा साचा पक्का केला. तो साचा पुढे साऱ्या प्रदेशात फिरला. योको कामिओ यांची ‘हाना योरी डँगो’ ही जपानी चित्रकथा १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्यावरून तैवानने ‘मीटिओर गार्डन’ (२००१) काढली, मग खुद्द जपानने (२००५), कोरियाने ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ (२००९) आणि चीनने (२०१८). साध्या घरची एक मानी मुलगी आणि श्रीमंतांच्या शिक्षणसंस्थेतला एक गर्विष्ठ मुलगा चार देशांत पुन्हापुन्हा भेटले आणि प्रत्येक देशाने ही आपलीच गोष्ट मानली.

कोरियन मालिकांची लाट १९९७ च्या सुमारास चीनमध्ये उठली आणि जपानमध्ये शिगेला पोचली. कोरियाच्या केबीएस वाहिनीची ‘विंटर सोनाटा’ (२००२, वीस भाग) जपानच्या एनएचकेने २००३ पासून दाखवली. पहिले प्रेम, अपघात, गेलेली स्मृती, दहा वर्षांनी परत समोर आलेला तोच चेहरा, असे तिचे कथानक. जपानमधल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी ती डोक्यावर घेतली. नायक बे योंग-जून २००४ मध्ये टोकियोला उतरला तेव्हा विमानतळावर हजारो जणी जमल्या. वृत्तपत्रांनी त्यांची थट्टा केली, ती अन्यायाची होती. संसारात वर्षे घालवलेल्या बाईला आपले मन अजून जागे आहे हे एखाद्या कथेने कळले, तर त्यात हसण्याजोगे काहीच नाही.

विलंब आणि काळजी : कोरियन मालिका बहुधा सोळा भागांची, भाग तासाभराचा. या सोळा तासांत स्पर्श फार उशिरा येतो. एका छत्रीखाली चालणे, पहिल्या बर्फाला भेटायचे ठरवणे, झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवरचे ऊन हाताने अडवणे, एवढ्यावर भागच्या भाग जातात. प्रेमाची कबुली साधारण मध्यावर येते आणि त्यानंतरच खरी अडचण उभी राहते. ओवीत, गवळणीत, विरहाच्या लावणीत वाट पाहण्यालाच रस मानणाऱ्या मराठी कानाला ही संथ चाल परकी नाही.

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ (२०१९-२०, लेखिका पार्क जी-उन) या मालिकेत दक्षिण कोरियातली एक उद्योगपती तरुणी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडते आणि तिथला एक लष्करी अधिकारी तिला लपवून ठेवतो. ती त्याच्याकडे सुगंधी मेणबत्ती मागते. त्या गावात वीजच धड नाही, तो साधी मेणबत्ती आणून देतो. पुढे ती बाजारात हरवते, अंधारते, ओळखीचे कुणी नाही. तेव्हा गर्दीत एक हात वर येतो, हातात पेटलेली मेणबत्ती, आणि या वेळी ती सुगंधी असते. प्रेमाचा एक शब्द न बोलता मालिकेने सगळे सांगून टाकलेले असते. तिने सहज केलेली मागणी त्याने लक्षात ठेवली, एवढाच त्या प्रसंगाचा ऐवज. जगभरच्या बायकांना तो पुरला.

‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ (२०२५) मध्ये जेजू बेटावरच्या गरीब जोडप्याचा सारा जन्म येतो. सासरी पुरुषांचे आणि थोरांचे ताट एकीकडे, सुनेचे दुसरीकडे. नवरा काही न बोलता वडीलधाऱ्यांकडे पाठ करतो, बायकोकडे तोंड करून बसतो आणि आपल्या वाडग्यातले तिच्या वाडग्यात घालतो. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांनी जेवायचे, हा रिवाज ज्या घरांत आजही आहे तिथे या दृश्याचा अर्थ समजवावा लागत नाही. माझ्या मते अलीकडच्या मालिकांतले हे सर्वांत धीट प्रेमदृश्य आहे.

या बारकाव्यांचे एक कारण लेखनाच्या मेजावर आहे. पार्क जी-उन, किम उन-सूक, हाँग भगिनी अशा लेखिका या व्यवसायात आघाडीवर आहेत आणि बहुधा सबंध मालिका एका हातची असते. तिचा शेवट ठरलेला असतो. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, भाग तीन हजारांवर गेले. अशा दैनंदिन मालिकेत पात्रे प्रेक्षकाच्या घरातली होतात खरी, पण त्यांचे प्रेम कुठेतरी मागे पडते आणि कारस्थाने पुढे येतात. मराठीतही उलट उदाहरण आहे. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२, दिग्दर्शक सतीश राजवाडे) वर्षभराच्या आत संपली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांची राधा आणि घना आपापल्या सोयीसाठी खोटे लग्न करतात आणि हळूहळू खरे गुंततात. कोरियाच्या ‘फुल हाऊस’ (२००४) मध्येही करारलग्नाचीच गोष्ट होती. नात्याचे नाव आधी आणि प्रेम मागून, हा क्रम ठरवून लग्न होणाऱ्या समाजांना मनापासून पटतो.

भारतात : मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हा तिथे कोरियन वाहिनीने जागा घेतली. दूरदर्शनने २००६ च्या सुमारास काही कोरियन मालिका हिंदीत दाखवल्या. खरी पसरण २०२० च्या टाळेबंदीत झाली. ‘क्रॅश लँडिंग’ त्याच फेब्रुवारीत संपली होती, मार्चअखेर लोक घरात अडकले. पुढे हिंदी डबिंग वाढल्यावर उपशीर्षके वाचण्याचा अडसरही गेला.

अहिल्यानगर : कोरियाचा वास्तव शेजार या जिल्ह्याला मालिकांच्या आधीपासून आहे. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला एलजीचा कारखाना २००४ मध्ये सुरू झाला. शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. पण भावनेचा शेजार त्याहून जुना आहे.

नगरशी जोडलेली सर्वांत मोठी प्रेमकथा कादंबरीत नाही, आत्मचरित्रात आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलाला घेऊन नगर जिल्ह्यात पतीजवळ आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी एकदम सोडले नाही. धर्मांतर त्यांनी १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर केले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचा राग, त्यांची माया हे सगळे लक्ष्मीबाई इतक्या बारकाईने टिपतात की वाचकाला त्या दोघांमधली ओढ प्रत्येक भांडणात दिसत राहते. समाजाने तोडलेली आणि स्वतःच्या हिमतीवर परत जुळलेली ही जोडी कोणत्याही सोळा भागांत मावणार नाही.

नगरलाच २५ एप्रिल १९१८ रोजी जन्मलेले शाहू मोडक यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माणूस’ (१९३९, दिग्दर्शक व्ही. शांताराम) मध्ये गणपत हवालदार साकारला. गणपत मैना या वेश्येला छाप्यातून वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला आपल्या आईसमोर नेतो. त्या सोज्ज्वळ घरात मैनाचा जीव गुदमरतो आणि ती निघून जाते. शांता हुबळीकर आणि मोडक यांनी त्या दोघांतले अंतर ज्या संयमाने दाखवले, त्याची आठवण कोरियन नायकाचा मागे घेतलेला हात पाहताना होते.

आक्षेप : नायक मनगट धरून नायिकेला ओढत नेतो, हे दृश्य एके काळी प्रणयाचे लक्षण मानले जाई. त्यावर कोरियातच टीका झाली आणि नव्या मालिकांत ते कमी झाले. गर्भश्रीमंत वारसाचे कथानक अजून सुटलेले नाही. ज्या देशातून ही स्वप्ने येतात तिथे जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली गेला, लग्ने कमी झाली. घरकाम, नोकरी आणि घराच्या किमती यांनी दमलेल्या कोरियन तरुणीलाही हा प्रेमळ नायक पडद्यावरच भेटतो.

या मालिकांना पळवाट म्हणणाऱ्यांनी नगर जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास विसरू नये. सोनई (ता. नेवासा) येथे १ जानेवारी २०१३ रोजी प्रेमप्रकरणाच्या रागातून तीन दलित तरुणांना ठार मारण्यात आले, नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. खर्डा (ता. जामखेड) येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला, कारण तो सवर्ण मुलीशी बोलतो असा संशय, त्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. कोरियन कथेत सासू पैशांचे पाकीट पुढे करते, कुळाचे रहस्य निघते, सीमेवरचे तारेचे कुंपण आडवे येते आणि तरीही प्रेमिकांना एकमेकांशी बोलू दिले जाते. जिथे बोलण्यावरूनच जीव गेले, तिथल्या मुलामुलींना कथेतली एवढी मोकळीकही मोठी वाटते, आणि ती मागणे त्यांच्या हक्काचे आहे.