गणिती खेळ, ऑनलाइन (प्राथमिक शिक्षण)

पहिली ते पाचवीच्या वर्गांत संख्याज्ञान, पाढे, मूलभूत क्रिया व अपूर्णांक यांच्या सरावासाठी संगणकावर किंवा टॅबवर खेळवले जाणारे खेळ. त्यांची परंपरा आजच्या इंटरनेटहून जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर मुले ‘डार्ट्स’ खेळत. संख्यारेषेवरचा फुगा फोडायला त्याच्या जागेची संख्या टंकावी लागे. नेम चुकला तरी बाण कुठे लागला ते दिसे आणि पुढचा अंदाज सुधारता येई. इथे खेळ जिंकायला गणितच करावे लागते. उलट अनेक खेळांत गणित हा करमणुकीच्या वाटेवरचा टोलनाका असतो : उदाहरण सोडवा, मग शर्यत पुढे चालू. हॅबगुड व एन्सवर्थ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भागाकाराच्या एकाच खेळाची दोन रूपे तपासली. एकात शत्रूच्या छातीवरील संख्येला निःशेष भाग जाईल असे शस्त्र निवडायचे होते. दुसऱ्यात तेच प्रश्न लढाईपासून वेगळे, टप्प्यांच्या मध्ये येत. सारख्याच वेळात पहिल्या रूपातून मुले अधिक शिकली आणि मोकळीक मिळताच त्यावरच कितीतरी जास्त रमली.

मात्र चांगला खेळही वर्गात कोणत्या जागी बसवला, यावर त्याचे फळ ठरते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिती खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले, आणि त्यातला एक तास शाळेच्या वेळेबाहेरचा. बॅनर्जी, कोल, डुफ्लो व लिंडन यांच्या २००७च्या शोधनिबंधानुसार दुसऱ्या वर्षी गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. पण गुजरातमधीलच ‘ज्ञानशाला’ उपक्रमाच्या लिंडन यांनी केलेल्या अभ्यासात (२००८) शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक वापरला तेव्हा मुले ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून वापरला तेव्हा ०.२८ने पुढे गेली, आणि कच्च्या मुलांना अधिक लाभ झाला. म्हणजे खेळ शिकवण्याला पूरक ठरतो, पर्याय ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही प्रगती टिकत नाही. वडोदऱ्यात उपक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा लाभ ओसरला, हे खरे. पण नवे शिकलेले उजळणीवाचून विसरले जाते, हे पाढ्यांनाही लागू आहे. यातून सराव सलग हवा एवढेच ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिल्लीतील बालवाड्यांत घेतलेल्या गणिती खेळांनी (हे पडद्यावरचे नव्हते) मुलांची संख्येची सहजजाण वाढली, पण शाळेतील अंक-चिन्हांचे गणित सुधारले नाही, असे २०१७च्या एका अभ्यासात आढळले. ते खेळ मुख्यतः राशी आणि आकार यांच्या सहज अंदाजावर बेतलेले होते. अंक आणि चिन्हे यांच्याशी दुवा जुळल्याशिवाय ती जाण वहीत उतरत नाही. साधने अपुरी असल्याची तक्रार मात्र फारशी टिकत नाही, कारण वडोदऱ्यातील लाभ दोघांत एक संगणक असतानाच झाला. तेव्हा निवडीचा प्रश्न खेळ आकर्षक आहे का, हा नसून, चाल खेळताना मूल गणित करते का आणि त्या चालीचे रूपांतर शिक्षक नंतर फळ्यावरच्या उदाहरणात करतात का, हा आहे. या दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो तास नेहमीच्या अध्यापनाला देणेच हिताचे.