पान, मात्रा आणि नाडी

रोग बरा होण्यास कोणाकोणाचा हातभार लागतो, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे फार प्राचीन काळींच देऊन ठेविलेलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांत वैद्यास अग्रमान आहे हें खरें. परंतु परिचारकाच्या अंगीं शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता आणि शुचिता हे चार गुण असावेत, असेंही तेथें आवर्जून सांगितलें आहे. पुढें मात्र आपल्या बोलण्यांत वैद्याची कीर्ति राहिली, औषधाचें नांव राहिलें, आणि उशाशीं बसणाऱ्या माणसाचा विसर पडला. हा विसर किती महाग पडूं शकतो हें दाखविणारी एक कथा वैद्यकाच्या इतिहासांत आहे. ती एका रानफुलाची आहे. तिचा आरंभ इंग्लंडांतील असला तरी शेवट आपल्या माजघरांत होतो, म्हणून ती वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपांतील रानांत व डोंगरउतारांवर फॉक्सग्लव्ह नांवाचें एक झाड वाढतें. त्याच्या उंच दांड्यास जांभळ्या फुलांची रांग लोंबत असते. फुलाचा आकार शिंप्याच्या अंगुस्तानासारखा. त्यावरूनच १५४२ सालीं लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिज्ञानें त्यास ‘डिजिटॅलिस’ असें लॅटिन नांव दिलें. झाड विषारी आहे हें खेड्यांतील लोकांस ठाऊक होतें, आणि त्याचा औषधांत उपयोग होतो हेंही ठाऊक होतें. १७७५ सालीं विल्यम विदरिंग या वैद्यास, अंगांत पाणी सांठून येणाऱ्या सुजेवरील एका घरगुती काढ्याविषयीं कोणी मत विचारलें. हा काढा श्रॉपशायर परगण्यांतील एका वृद्ध स्त्रीनें दीर्घकाळ गुप्त ठेविला होता, आणि शिकलेल्या वैद्यांनीं हात टेकल्यानंतरही तिच्या हातून कधीं कधीं रोगी बरा होई. काढ्यांत वीस किंवा त्याहून अधिक वनस्पति होत्या. विदरिंग हा वनस्पतिशास्त्राचाही जाणकार असल्यामुळें, त्या गर्दींत खरें काम करणारी वनस्पति फॉक्सग्लव्हच असली पाहिजे, हें ओळखण्यास त्यास फारसे श्रम पडले नाहींत.

त्या वृद्धेचें नांव विदरिंगनें लिहून ठेविलेलें नाहीं. विसाव्या शतकांत एका औषधकंपनीच्या जाहिरातचित्रानें तिला नांव आणि चेहरा बहाल केला, आणि तें नांव पुढें कित्येक पुस्तकांतूनही शिरलें. परंतु त्यास आधार नाहीं. जिच्यापासून विद्या घेतली ती अनामिक राहिली, हा अनुभव आपल्याकडील आजीबाईंच्या बटव्यासही नवा नाहीं.

येथवरची गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते. आमच्या मतें तिचा अधिक मोलाचा भाग यापुढें आहे. विदरिंगनें औषध हातीं येतांच त्याचा डांगोरा पिटला नाहीं. तो दहा वर्षें रोगी पाहत राहिला, आणि १७८५ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत दीडशेहून अधिक रोग्यांची हकीकत आहे, आणि जेथें गुण आला नाहीं तेथील हकीकतही त्यानें झांकून ठेविली नाहीं. मुळापेक्षां पान बरें, पान फुलोऱ्याच्या वेळीं खुडलेलें बरें, आणि तें वाळवून केलेलें चूर्ण त्याहून बरें, असें त्यानें ठरविलें. कारण एकच: मात्रा दर वेळीं सारखी पडावी. चूर्णाची मात्रा त्यानें एक ते तीन ग्रेन, दिवसांतून दोन वेळां, इतकी लहान ठेविली. एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम.

मात्रा अधिक झाल्यास काय होतें, याचेंही वर्णन त्यानें दिलें आहे. मळमळ, वांत्या, जुलाब, घेरी. दृष्टि अंधुक होऊन पदार्थ हिरवे अथवा पिवळे दिसूं लागणें. आणि नाडी इतकी मंद होणें कीं मिनिटास ३५ ठोकेच पडावेत. मूत्रपिंड, जठर, नाडी अथवा आंतडीं यांपैकीं कोठेंही औषधाचा परिणाम दिसूं लागतांच तें थांबवावें, असा त्याचा नियम होता. औषध केव्हां सुरू करावें हें पुष्कळांस कळतें. केव्हां थांबवावें हें ज्यास कळतें तोच जाणता. विदरिंगनंतर ज्यांनीं हा इशारा मानला नाहीं त्यांच्या हातून पुष्कळ अपाय झाला, आणि दोष मात्र झाडाच्या माथीं बसला.

आतां वाचकांनीं क्षणभर विचार करावा. वैद्य येतो आणि जातो. वांति रात्रीं होते. भिंत पिवळी दिसते ती पहाटे. अन्नावरची वासना उडते ती दुपारच्या पानावर. हें पाहणार कोण? हा प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं धसास लाविला. क्रिमियाच्या युद्धांत स्कुटारी येथील रुग्णालयांत काम करून परत आल्यावर त्यांनीं शुश्रूषेवर जें छोटेखानी पुस्तक लिहिलें, त्यांत रोग्याचें निरीक्षण या विषयास एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवें विद्यालय निघालें, आणि पाहणें ही शिकण्याची व शिकविण्याची विद्या ठरली.

पुढें १९३० सालीं सिडनी स्मिथ या रसायनज्ञानें फॉक्सग्लव्हच्याच एका भावंडापासून ‘डिगॉक्सिन’ हें शुद्ध द्रव्य वेगळें काढलें. पानाचा कमीअधिक कस हा प्रश्न सुटला, परंतु गुण देणारी मात्रा व अपाय करणारी मात्रा यांतील अंतर पूर्वींइतकेंच अरुंद राहिलें. म्हणून परिचारिकेस हा धडा आजही शिकवितात: गोळी देण्यापूर्वीं हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत, प्रौढ मनुष्यांत ते साठांहून कमी भरल्यास गोळी हातीं राखून डॉक्टरांस कळवावें. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, अशी पंचसूत्री ती पाठ करते. विदरिंगची दहा वर्षें या एका मिनिटांत सांठविलेलीं आहेत.

वार्धक्याचा विचार या शास्त्रांत उशिरां आला. वृद्धांच्या चिकित्सेस ‘जेरिअॅट्रिक्स’ हें नांव इग्नाट्झ नाशर यांनीं १९०९ सालीं दिलें. १९३५ सालीं मार्जरी वॉरन या डॉक्टरीणबाईंकडे लंडननजीकच्या एका रुग्णालयांत वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेल्या शेंकडों वृद्धांचा भार आला. त्यांनीं एकेकाची तपासणी केली, त्यांस उठविलें, चालविलें, आणि ‘म्हातारपण’ हें रोगाचें निदान होऊं शकत नाहीं हें दाखवून दिलें. १९६२ सालीं डोरीन नॉर्टन या परिचारिकेनें सहकाऱ्यांसह वृद्ध रोग्यांच्या शय्याव्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मलमें चोळण्यापेक्षां नियमानें कूस पालटण्यानेंच अधिक रक्षण होतें, हें त्यांतून पुढें आलें. डिगॉक्सिनपुरतें बोलावयाचें तर, हें औषध मुख्यत्वें मूत्रपिंडावाटे बाहेर पडतें आणि वयाबरोबर मूत्रपिंडाची शक्ति उतरते. तरुणास सोसणारी मात्रा वृद्धाच्या अंगांत सांठत जाते. म्हणून वृद्धांस दिवसाकाठीं ०.१२५ मिलिग्रॅमहून अधिक देऊं नये, असा संकेत आज रूढ आहे.

आमच्या एका वृद्ध आत्याबाईंस हृदयविकारासाठीं हेंच औषध चालू होतें. एका पावसाळ्यांत त्यांचें अन्न तुटलें. त्या गप्प बसून राहत, आणि दिव्याभोंवतीं पिवळें कडें दिसतें म्हणत. आम्ही घरचीं माणसें, शिकलेलीं म्हणविणारीं, एकमेकांस सांगत होतों कीं आतां वय झालें. पायाच्या जखमेची पट्टी बदलण्यासाठीं एक परिचारिका येत असे. तिनें एके दिवशीं त्यांचा हात हातीं घेऊन मिनिटभर नाडी मोजली. ती अठ्ठेचाळीस भरली. मग तिनें विचारलें, “आत्याबाई, औषधांचें राहूं द्या; दिवसभरांत तोंडांत काय काय जातें तें सांगा.” तेव्हां कळलें कीं खोकल्यासाठीं दोन महिने रोज तीन वेळां ज्येष्ठमधाचा दाट काढा चालला होता. काढा म्हणजे औषध, हें आत्याबाईंच्या मनांतच नव्हतें. आणि डॉक्टरांस सांगावें असें आमच्याही मनांत आलें नव्हतें. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यानें शरीरांतील पोटॅशियम घटतें, आणि तें घटलें कीं डिगॉक्सिनची नेहमींची मात्राही विषासमान होऊं शकते. डॉक्टरांस त्याच दिवशीं कळविलें. काढा थांबला, गोळी कांहीं दिवस थांबली, आणि आत्याबाई पुन्हा पानावर बसूं लागल्या. आम्हांस मात्र ‘वय झालें’ हे आमचे शब्द अद्याप टोंचतात.

या गोष्टींत ज्येष्ठमधाचा दोष नाहीं. आपल्या अंगणांतील कण्हेरींतही फॉक्सग्लव्हसारखींच हृदयावर परिणाम करणारीं द्रव्यें आहेत, आणि आपल्या पूर्वजांनीं तिची गणना उपविषांत केली होती. वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत पूर्वजांची नव्हे. ती आपली आहे. नीट योजिलेलें विष औषध होतें आणि नीट न योजिलेलें औषध विष होतें, हें चरकासही मान्य होतें.

रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभारलें, आणि पुढें त्या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेऊं लागल्या. भल्या घरच्या स्त्रियांनीं परक्याची शुश्रूषा करावी हें त्या काळीं पुष्कळांस रुचत नव्हतें. आज कोणी तसें उघड बोलत नाहीं. परंतु घरीं येणाऱ्या परिचारिकेस आपण बसावयास पाट देतों कीं दाराशीं उभी ठेवितों, यावरून आपलें मन कळतें.

आमची सूचना साधी आहे. घरांतील वडील माणसांच्या गोळ्या, काढे, चूर्णें, आसवें, सर्व एका कागदावर लिहावीं, आणि तो कागद प्रत्येक वेळीं डॉक्टरांपुढें ठेवावा. वडिलांनीं ‘बरें वाटत नाहीं’ म्हटलें कीं वयाकडे बोट दाखविण्यापूर्वीं त्यांचा हात हातीं घ्यावा आणि पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे पाहावें. नाडी मोजण्यास विद्या थोडीच लागते. त्या मिनिटांत आपण दुसरें कांहींच करीत नसतों, आणि वृद्धांस बहुधा औषधाइतकीच त्याचीही गरज असते.