ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि छातीतील धडधड

ऱ्हुमॅटॉइड संधिवात (परिभाषेत ‘संधिवाताभ संधिशोथ’) हा रोगप्रतिकार यंत्रणेने स्वतःच्याच शरीरावर हल्ला केल्यामुळे होणारा दीर्घकालीन दाहक विकार होय. हातापायांचे लहान सांधे सुजणे, दुखणे आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहणे ही त्याची ठळक लक्षणे आहेत. हा विकार सांध्यांपुरता मर्यादित राहत नाही. फुप्फुसे, डोळे, रक्तवाहिन्या व हृदय यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. अनेक रुग्णांना या काळात छातीत धडधडण्याचा त्रास जाणवतो. धडधड हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. बहुतेक वेळा तिचे कारण निरुपद्रवी किंवा सहज दूर करता येण्याजोगे असते. काही वेळा मात्र ती हृदयविकाराची पहिली खूण ठरते. म्हणून ती ‘मनाचा खेळ’ किंवा ‘वाताचाच भाग’ समजून सोडून न देता तिचे कारण शोधणे आवश्यक असते.

नावे आणि होणारी गल्लत

बोलीभाषेत सांध्यांच्या कोणत्याही दुखण्याला ‘संधिवात’ म्हटले जाते. त्यामुळे तीन भिन्न विकारांची सरमिसळ होते. वयानुसार सांध्यांची झीज होऊन उद्भवणारा विकार मुख्यतः गुडघे, कंबर, मान व बोटे यांत आढळतो. त्याचा हृदयाशी थेट संबंध नसतो. संधिज्वर (ऱ्हुमॅटिक ताप) हा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंमुळे झालेल्या घशाच्या संसर्गानंतर, प्रामुख्याने 5 ते 15 वर्षे वयाच्या मुलांना होतो. त्यात सांधेदुखी काही आठवड्यांत ओसरते, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. ‘वाताने हृदय जाते’ हा समज मुख्यतः या विकारावरून रूढ झाला आहे. तिसरा विकार म्हणजे या लेखाचा विषय असलेला ऱ्हुमॅटॉइड संधिवात. त्याचा हृदयावरील परिणाम वेगळ्या मार्गांनी होतो आणि झडपांची गंभीर हानी त्यात क्वचितच होते. बालपणी संधिज्वर होऊन गेला असल्यास ती माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी लागते, कारण तेव्हा धडधडीचा अर्थ बदलू शकतो.

इंग्लिश वैद्य आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या विकाराला आजचे इंग्लिश नाव दिले व तो संधिरक्त (गाउट) या विकाराहून वेगळा असल्याचे मांडले. आयुर्वेदात ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘आमवात’ या व्याधीचे स्वतंत्र वर्णन असून वाढलेल्या व्याधीच्या लक्षणांत ‘हृद्ग्रह’ म्हणजे हृदय जखडल्याची जाणीव नोंदवलेली आहे. मराठीत आमवात हा शब्द ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी वापरला जात असला, तरी त्या वर्णनाचा काही भाग संधिज्वराशीही जुळतो. त्यामुळे दोन्ही संज्ञा तंतोतंत एकच मानता येत नाहीत.

धडधडीचे स्वरूप

विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्तीचे हृदय सामान्यतः मिनिटाला 60 ते 100 वेळा आकुंचन पावते आणि त्याची जाणीव होत नाही. ही जाणीव त्रासदायक होऊ लागली की तिला धडधड म्हणतात. रुग्ण तिचे वर्णन निरनिराळ्या प्रकारे करतात: ठोका चुकल्यासारखा वाटणे, छातीत फडफडणे, गळ्याशी ठोके जाणवणे, अचानक वेग वाढून तसाच अचानक थांबणे. या वर्णनातूनच निदानाची दिशा मिळते. एखादा ठोका चुकून पुढचा जोरात पडणे हे बहुधा अधूनमधून येणाऱ्या जादा ठोक्यांचे लक्षण असते. एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारा जलद पण नियमित वेग हृदयातील विद्युतमार्गाच्या दोषाकडे निर्देश करतो. कोणताही ताल नसलेली धडधड एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची असू शकते.

कारणे

दाहाचा परिणाम: दीर्घकाळ टिकणाऱ्या दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण होतात व त्यांत मेदाचे थर लवकर साचतात. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या रुग्णांच्या हृदयरोगाच्या धोक्याचा अंदाज नेहमीच्या पद्धतीने काढून त्याला 1.5 ने गुणावे, अशी शिफारस केली आहे. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे 40 टक्के अधिक आढळले. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येणे हेही या विकारात घडते; त्यात छातीत दुखते आणि आडवे झाल्यावर दुखणे वाढते. क्वचित संधिवाताच्या गाठी हृदयाच्या विद्युतमार्गात निर्माण होऊन ठोक्यांचे वहन अडते.

सोबतचे विकार: दीर्घ दाहामुळे रक्तक्षय होतो, वेदनाशामकांनी जठरात रक्तस्राव होत असल्यास तो वाढतो. रक्तातील हिमोग्लोबिन कमी झाले की प्राणवायूचा पुरवठा राखण्यासाठी हृदय जलद चालते. अवटु ग्रंथीचे (थायरॉइडचे) स्वप्रतिकारजन्य विकारही या रुग्णांत तुलनेने अधिक आढळतात आणि ग्रंथीचा स्राव वाढल्यास धडधड होते. ताप, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे ही नित्याची कारणे आहेत.

औषधे: स्टेरॉइड औषधांमुळे, विशेषतः शिरेतून मोठी मात्रा दिल्यानंतर, धडधड व निद्रानाश होऊ शकतो. वेदनाशामकांमुळे शरीरात पाणी व क्षार साठून रक्तदाब वाढतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे या विकारातील उपयुक्त व बहुतेकांना सुरक्षित औषध आहे. तथापि ते हृदयाच्या विद्युतचक्राचा एक टप्पा लांबवू शकते. तोच परिणाम असलेले दुसरे औषध जोडीला आले की धोका वाढतो. ॲझिथ्रोमायसिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके, तसेच मळमळीसाठी दिले जाणारे डोमपेरिडोन ही त्याची नेहमी भेटणारी उदाहरणे होत. वेदनाशामकांबरोबर ‘पोटासाठी’ म्हणून वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या आम्लरोधक गोळ्यांमुळे काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम कमी होते आणि त्यामुळेही ठोके अनियमित होतात. सांधेदुखीवर मिळणाऱ्या, घटकांची नोंद नसलेल्या पुड्या व गोळ्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार भारतात आढळले आहेत; त्यामुळे अशा औषधांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

वेदना, झोप व मन: सततची वेदना आणि अपुरी झोप यांमुळे शरीराची ताणयंत्रणा जागृत राहते. चिंतेने धडधड होते आणि धडधडीने चिंता वाढते, असे चक्रही निर्माण होते. मात्र इतर कारणे तपासण्यापूर्वीच ‘चिंता’ हे निदान करणे योग्य नव्हे. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि रजोनिवृत्तीच्या काळातही धडधड जाणवते. या दोन्हींमुळे स्त्रियांची तक्रार दुर्लक्षिली जाण्याचा संभव अधिक असतो.

निदान

पहिली तपासणी हृदयविद्युत आलेखाची (ईसीजी) असते. आलेख काही सेकंदांचाच असल्यामुळे धडधड नसताना तो निर्दोष येऊ शकतो; निर्दोष आलेख म्हणजे निर्दोष हृदय असे त्यावरून ठरत नाही. अशा वेळी अमेरिकी जीवभौतिकीज्ञ नॉर्मन होल्टर यांच्या नावाने ओळखले जाणारे उपकरण 24 तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगून नोंद घेतली जाते. झडपा, हृदयाचे आवरण व स्नायू यांची स्थिती प्रतिध्वनी तपासणीने (इको) कळते. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम व मॅग्नेशियम आणि दाहाची पातळी हेही तपासले जाते.

नाडी स्वतः पाहणे उपयुक्त असते, पण मनगट सुजलेले व बोटे वाकडी झालेली असल्यास ते अवघड जाते. तेव्हा घरातील दुसऱ्या व्यक्तीने नाडी मोजावी किंवा दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाबयंत्र वापरावे. धडधडीचा ताल टेबलावर बोटाने किंवा तळहाताने वाजवून दाखवल्यास डॉक्टरांना त्यातून बरेच कळते.

उपचार

उपचार कारणावर अवलंबून असतो. साध्या जादा ठोक्यांना बहुधा धीर देण्यापलीकडे काही लागत नाही. रक्तक्षय, थायरॉइड किंवा क्षारांचे असंतुलन दुरुस्त केल्यास धडधड आपोआप थांबते. संधिवाताचा दाह आटोक्यात ठेवणे हा हृदयाच्या संरक्षणाचाही भाग होय. त्यामुळे मेथोट्रेक्सेटसारखी मूळ औषधे नियमित घेणे महत्त्वाचे ठरते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे.

दोन विकारांचे उपचार एकमेकांच्या आड येऊ शकतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. त्यांच्यासोबत सांधेदुखीची वेदनाशामके घेतल्यास रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या बीटा-रोधक औषधांनी थंडीत बोटे पांढरी पडण्याचा त्रास बळावू शकतो. तीव्र हृदयदौर्बल्य असल्यास टीएनएफ-रोधक जैविक औषधे टाळली जातात. टोफासिटिनिब व त्या गटातील इतर औषधांबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2021 मध्ये हृदयविकाराच्या धोक्याचा ठळक इशारा दिला आहे. संधिवाततज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि दोघांच्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा बहुधा रुग्णच असतो. म्हणून सर्व औषधांची एकच यादी करून ती प्रत्येक भेटीत दाखवणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

धडधड होते म्हणून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवल्यास रक्तदाब घसरून जिवाला धोका होऊ शकतो.

दैनंदिन जीवन

धडधडीची वेळ, कालावधी, त्या वेळची हालचाल, घेतलेली औषधे, चहा-कॉफी, झोप आणि सांध्यांची स्थिती यांची थोडक्यात नोंद ठेवल्यास काही आठवड्यांत संगती दिसू लागते. लिहिणे कष्टाचे असल्यास मोबाइलवर आवाजात नोंद करता येते. तंबाखू कोणत्याही स्वरूपात सोडणे लाभदायक ठरते. धूम्रपान हृदयरोगाचे तसेच या संधिवाताचेही ज्ञात कारण आहे. धडधडीच्या भीतीने हालचाल बंद केल्यास सांधे अधिक आखडतात व हृदयाची क्षमताही घटते. गंभीर कारण नसल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सपाट जागी चालणे किंवा बसून करायचे व्यायाम चालू ठेवणे हितावह असते.

तातडीची लक्षणे

धडधडीसोबत शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा दडपण, धाप लागणे, चेहरा वा हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही आढळल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. श्रम करताना धडधड होणे, काळी शौचास होणे किंवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असणे या बाबींतही तपासणी लांबणीवर टाकू नये. काळ्या शौचासोबत अशक्तपणा किंवा चक्कर असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.