तळटीप : वालाचे दिवस
३. वालाचे दिवस : गागोदे बुद्रुक (ता. पेण; विनोबा भावे यांचे जन्मगाव, जन्म ११ सप्टेंबर १८९५) परिसरात भातकापणी उरकली, की खाचरातली ओल उडायच्या आत वाल पेरतात. पुढे पाटाचे पाणी नाही. भिस्त जमिनीतल्या ओलीवर नि पहाटेच्या दवावर. म्हणून थंडी हवी. आभाळ आले की मावा पडतो. शेंगा भरल्या की पोपटी लागते : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, आणि पाण्याचा थेंबही नाही (या बाबतीत इथे तडजोड नसते). याच थंडीत पुढच्या भातरोपांच्या राबासाठी (रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळही, म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, तोडतात. तेव्हा ‘हिवाळ्यात शेत मोकळे’ हे लेखकाचे पुढचे विधान या भागाला लागू नाही. — संपादक