बारडोलीचा ऊस आणि अंगावरचे मूल

बारडोली म्हटले की १९२८ चा साराबंदीचा लढा आठवतो. शेतसाऱ्यातील वाढीविरुद्ध तालुका उभा राहिला आणि वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले. त्याच वर्षी २८ जुलै रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभ विधेयकाचा पुरस्कार केला. बारडोली तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १९२९ मध्ये कायदा झाला. पण तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता. बारडोलीच्या शेतांत राबणाऱ्या हळपती स्त्रीला त्याचा लाभ नव्हता. साऱ्याचा प्रश्न सुटला, शेतातल्या लेकुरवाळीचा मात्र तसाच राहिला.

पुढे १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊसतोडीसाठी खानदेशातून मजूर येऊ लागले. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, हा त्यांचा क्रम झाला. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये त्यांच्या हलाखीचे सविस्तर वर्णन केले. नवरा-बायको मिळून ‘कोयता’ ठरतो. त्यामुळे मूल अंगावर पिते म्हणून बायको मागे राहिली, तर कोयताच मोडतो.

गावी मूल दूध कधी तोडणार, हे घर ठरवीत असे. उष्टावण झाले की भाताची मऊ पेज, नागलीची आंबील सुरू होई. भरवायला आजी असे आणि अंगावरचे दूधही चालूच राही. फडावर आजी नसते. मूल झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. आई मोळ्या बांधते, वाहते. पाजण्याच्या वेळा लांबल्या की दूधही आटत जाते, कारण बाळ ओढील तसे ते तयार होते. सहा महिन्यांनंतर केवळ दूध पुरत नाही. पण दिवसातून अनेकदा मऊ, ताजे अन्न शिजवून भरवायला सवड आणि हात हवेत. दोहोंची तेथे वाण असते. म्हणून अशा बाळाच्या अशक्तपणाचा दोष आईच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे आहे.

१९६१ च्या प्रसूती-लाभ कायद्याने कामावरील आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. परंतु सुटी देणारा मालक कोण, याचे उत्तर फडावर मिळत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम उचलीच्या हिशेबाकडे. बारडोलीचा इतिहास साऱ्याच्या टक्केवारीने सांगितला जातो. त्यात या स्तन्यदा मातेचीही नोंद व्हायला हवी.